न चोरलेलं प्रकरण

बाईंची कादंबरी उचलून ज्यानं मालिका लिहिली होती, तो लेखक तडजोडीच्या कागदावर सही करून मोकळा झाला. आता फक्त बाईंची सही बाकी होती. त्यांचे वकील फोन घ्यायला बाहेर गेले, तसं बाईंनी हळूच त्याला विचारलं, "सगळंच ढापलंत, मग धाकट्या बहिणीचं प्रकरण तेवढं का सोडलंत?"

"हात धजावला नाही," तो खाली बघत म्हणाला. "वाचताना रडलो होतो मी."

बाईंच्या नातेवाइकांनी ते पुस्तक कौतुकानं शोकेसमध्ये मांडलं होतं. उघडलं कुणीच नव्हतं.

वकील परतले. "करा सही, म्हणजे पुन्हा यांचं तोंड बघायला नको."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"अजून एक तारीख मिळेल का हो?"