इनुईच्या दुकानातली स्वच्छता

संगणकाचं वरचं झाकण काढलं आणि इनुईला शिसारी आली. आत मेलेली झुरळं, सिगारेटच्या धुराचा तपकिरी चिकटा, आणि कोपऱ्यात वाळून कडक झालेला उदोन नूडलचा तुकडा.

"काका, यातच जेवता की काय?"

म्हातारे शिराइशी ओशाळून हसले. "बायकोचा आहे. सगळ्या चाली यावरच बांधते. सिगारेट सोडत नाही, काय करणार! आवाज बंद पडलाय बघा. शनिवारी गल्लीत बोनच्या सणाचा, पितरांसाठीचा नाच आहे, आणि यंदाची चाल तिची. शेवटचं कडवं राहिलंय. तेवढा आवाज आणून द्या, बाकी कशाला हात लावू नका."

"बरं," इनुई म्हणाला. बाकीचं त्यानं कानाआड केलं. ओसाकाच्या निप्पोनबाशीत जुने घरगुती संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण मळकं यंत्र आपल्या दुकानाबाहेर जायचं नाही, हा इनुईचा हट्ट होता.

फुगलेले कपॅसिटर बदलताच आवाज त्याच दुपारी आला. तिथं थांबला असता तर तो इनुई कसला!

सोबतच्या पडद्यावर धुळीचा थर होता, बोटानं नाव लिहावं असा. संगणकाची बटणं मात्र वापरून झिजलेली. त्यांच्यावर नेलपॉलिशचे ठिपके. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर आडवा फराटा. लाल, शेजारी हिरवा, पुढे कसलासा जांभळा. रंगाची अक्कल नाही ती नाहीच, वर मळ बसून त्यांचे फोड झालेले.

"बाई आहे की डुकरीण," इनुई पुटपुटला.

बटणं त्यानं चिमट्यानं उपटून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी ती घेऊनही गेली. जपून ठेवलेला कोऱ्या बटणांचा संच त्यानं पदरचा बसवला. पिवळी पडलेली पेटी औषध चोपडून उन्हात ठेवली, ती पांढरीशुभ्र झाली. जुना पडदा काढून नवा जोडला. आता चित्र कसं काचेसारखं दिसत होतं.

शनिवारी दुपारी शिराइशी बायकोला घेऊन आले. नवऱ्याचा दंड धरून चिझुकोबाई आत आल्या. अंगात कडक इस्त्रीचा युकाता, केस चापूनचोपून बसवलेले. डुकरिणीचं लक्षण एकही नाही. इनुईला नवल वाटलं.

त्यानं संगणक चालू केला. सुरुवातीचा सूर वाजताच बाई हसल्या.

"आला गं बाई. आता तासाभरात कडवं पुरं करते."

त्यांनी बोटं बटणांवर ठेवली. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत आली. हसू मावळलं.

"अहो, हा आपला नाही."

"तुमचाच आहे, आजी," इनुई फुशारकीनं म्हणाला. "घाण तेवढी गेली. पडद्यावर बघा तरी, कसा लख्ख दिसतोय."

शिराइशी बटणांकडे बघत राहिले.

बाईंनी इनुईच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांची नजर त्याच्या कानाजवळून मागच्या भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली.

"माझे ठिपके कुठं ठेवलेत हो तुम्ही?"