मामाच्या खिडकीजवळची पेटी

एचआयव्ही रोखायला साखर कारखान्याने मदत करावी म्हणून नर्स हेलनबाईंनी इतकी दारं ठोठावली, की ती दुरुस्त करून तालुक्यातले सुतार दमले. तीन वर्षांनी निरोधाची पेटी मिळाली. साहेबांनी ती माझ्या टाईम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या खिडकीशेजारी ठोकली. मी अर्ध्या तालुक्याचा मामा. उसाच्या ट्रकचे ड्रायव्हर सगळे भाचे. त्यातला नितीन रोज पेटीपाशी घुटमळायचा, म्हणायचा, “मामा, पाणी हाय का?” एवढं पाणी प्यायला, की प्रवरा आटली. मी हसायचो, “भाच्या, उंट हाईस का?” हंगाम संपला, पेटी भरलेलीच. साहेबांचा शेरा: मागणी नाही, योजना बंद. हेलनबाई म्हणाल्या, “मामासमोर निरोध कोण घेईल? पेटी दुसरीकडे लावा म्हणून साहेबांना चारदा सांगितलं.” पेटी काढली, तोच नितीन तपासणीचे दोन कागद घेऊन आला, त्याचा आणि बायकोचा, दोन्ही पॉझिटिव्ह. “मामा, पाणी हाय का?” आज त्याला खरंच तहान लागली होती.