शेतीच्या विम्याचा ट्रॅक्टर

व्यंकटच्या पोराचं वऱ्हाड कमलनगरला निघालं होतं. चाळीस माणसं ट्रॉलीत दाटीवाटीनं बसली, चावी मात्र थोरल्या भावजयीच्या, चांगुणाबाईच्या मुठीत. ट्रॅक्टर तिचा. इंजिन किती तास चाललं ते मीटरवर बघून ऑइल बदलणारी अन् विम्याचा कागद वाचणारी औराद तालुक्यात ही एकटीच, असं व्यंकट चिडवायचा. "वैनी, द्या की! उशीर व्हायलाय." "भावजी, विमा शेतीच्या कामाचाय. माणसं भरलेली ट्रॉली उलटली तर छदाम मिळायचा न्हाई." "शुभ बोला! समदं गाव असंच जातंय." "बरं. यातलं कोन गेलं तर चालंल, तेवढं नाव सांगा, चावी देते." व्यंकटनं तणतणत ट्रॉलीकडं पाहिलं. आई, बहिणी, लेकीच्या मांडीवरचं तान्हं. नजर शेवटच्या माणसापर्यंत जाऊन परत आली. बाई हिशेबाची पक्की! त्यानं ट्रॉलीचा मागचा फाळका सोडला. "उतरा समदे, जीपा आनतो. यातलं एकबी माणूस मला जास्तीचं न्हाई."