आमच्या ह्यांची किटली

आजोबांच्या घरात माणसं दोन आणि जुन्या किटल्या कपाटभर. किटल्या काचेआड मानाने राहायच्या, आजी स्वयंपाकघरात. "हात लावू नकोस!" हे त्यांच्या संसारातलं सर्वांत टिकाऊ वाक्य, बाकीच्यांचे टवके उडाले. मग आजीच्या आठवणींना तडे गेले आणि एके दिवशी नवऱ्याचा चेहराही निखळला. आज आजोबांनी कपाट उघडलं. सगळ्यांत लाडक्या, सोनेरी काठाच्या किटलीत आयुष्यात पहिल्यांदाच चहा भरला, तिच्याच जोडीच्या कपात ओतला आणि आजीपुढे धरला. "घे गं. तुझ्यासाठीच काढलाय." आजीने दोन्ही हात शालीखाली लपवले. दाराकडे बघत कुजबुजली, "अहो, ठेवा तो जागेवर! आमच्या ह्यांनी बघितलं तर पाहुण्यांचीसुद्धा धडगत नाही." "ते आता नाही ओरडणार," आजोबा कसेबसे म्हणाले. "तुम्ही ओळखत नाही त्यांना," म्हणत आजीने आपला कानतुटका कप पुढे केला. "ह्यात ओता."