आईचा गाल

दमट कपाटातून त्रामनं आपल्या चित्राची फळी बाहेर ओढली. फळी काळी होती. या काठापासून त्या काठापर्यंत, डांबर ओतल्यासारखी. कमरेइतक्या तळ्यात उभी राहून भाजी खुडणारी तिची आई, चांदीच्या वर्खाचं पाणी, कमळाची पानं, सगळं गडप.

परवा परीक्षक येणार होते. कला महाविद्यालयाचं शेवटचं वर्ष. लाखचित्रात, म्हणजे फळीवर लाखेचे थर चढवून घासत घडवायच्या चित्रात, पदवी घ्यायची तर एवढी एकच फळी दाखवायची होती, आणि ती करण्यात अख्खं वर्ष गेलं होतं. वडिलांच्या श्राद्धाला म्हणून आठवडाभर गावी गेलेली ती आज सकाळी परतली होती. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला होता.

बरं, बोंब मारावी तर तीही सोय नव्हती. कारण एक गोष्ट त्रामनं कुणालाच सांगितली नव्हती. आईचा गाल तिनं बदकाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवून केला होता. शेवटच्या घासणीला हात जड पडला, कवच झिजलं आणि गालाला काळं भोक पडलं. तिनं तिथं साधा पांढरा पोस्टरचा रंग थापला आणि मुकाट्यानं गाव गाठलं. परीक्षक लाखचित्र नुसतं बघत नाहीत, वरून तळहात फिरवतात; थापलेला रंग हाताला लगेच कळतो. पण माणसाला नशीब म्हणून काही असतंच की.

आता वरून कुणी चढवलेली ही काळी लाख पाण्यानं घासून काढायची म्हणजे तिच्याबरोबर तो पांढरा रंगही वाहून जाणार. नाही घासली, तर चित्रच नाही.

ती वर्गाकडे बघत बसली. समोरची मुलगी गुणगुणत होती. श्राद्धाआधी तर गुणगुणत नव्हती. कोपऱ्यातल्या पोरानं विचारलं, "झालं का गं तुझं?" याला एवढं अगत्य कशाला? तेवढ्यात थुई बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, भिंतीवरून ओघळणारं पाणी बघून म्हणाल्या, "वा, काय छान हवा पडलीय!" लाख वाळते ती ओलसर हवेतच. असल्या चिकचिकीत सगळं हनोई कपाळाला हात लावतं, लाखवाले तेवढे खुश. बाई दर वर्षी हेच म्हणायच्या. आज त्रामला बाईंचाही संशय आला.

मग फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर खांग दिसला. टोपी नाकापर्यंत ओढलेली, तोंडाला फडकं. चहासाठी त्यानं फडकं खाली केलं आणि चहावाली मावशी किंचाळली, "अगंबाई! मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घातलंस की काय रे?"

उकडलेल्या रताळ्यासारखं तोंड. डोळ्यांच्या जागी दोन फटी. बोटांवर पुरळ.

त्रामला आणखी पुरावा नको होता. कच्ची लाख म्हणजे झाडाचा चीक; बिब्ब्यासारखी उतते. कुणाला सोसते, कुणाला नाही. खांगला दुसऱ्या वर्षी अशी उतली, की बरेच दिवस त्याचे डोळे उघडले नव्हते. शेवटी बिचारा तैलरंगाच्या वर्गात गेला. तरी येता-जाता लाखेच्या वर्गात घुसायचा आणि तिच्या फळीवरून हात फिरवत उभा राहायचा. तिला वाटायचं, माया आहे पोराची. जळत होता तर!

ती आत गेली, फळी उचलून आणली आणि त्याच्यापुढे धरली. "हे तुझं काम?"

खांगनं घोट गिळला. "माझंच."

"लाज नाही वाटत? एवढं खुपत होतं तर तोंडावर बोलायचंस!"

"घास."

"काय?"

"घास म्हणतोय. आणि भांडी घासल्यासारखी घासू नकोस. गालावर हलक्या हातानं."

गालावर! म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. चार लोकांत तिची लबाडी तिच्याच हातानं धुऊन घ्यायची, म्हणून हा घाट. मावशीच्या हातातल्या सूर्यफुलाच्या बिया तशाच राहिल्या.

"तमाशा बघायचाय ना तुला? बघ!"

तिनं पिशवीतून पॉलिशपेपर काढला, मावशीची बादली ओढली आणि फुटपाथवरच बसकण मारली. काळं पाणी गटारात जायला लागलं. आधी एक पान वर आलं. मग वर्खाचं पाणी चमकलं, पूर्वीपेक्षा खोल. मग आईच्या टोपीची कड. गालापाशी हात अडला. तिनं दात आवळले आणि पेपर टेकवला.

ती पांढऱ्या ओघळाची वाट बघत होती. ओघळ आला नाही.

आला तो गाल. तिळाहूनही बारीक कवचं, एकाला एक लागून बसवलेली, उन्हानं रापल्यासारखी किंचित पिवळट. तिचा पोस्टरचा रंग कुणीतरी सुईनं कोरून काढला होता, कच्च्या लाखेत नवं कवच बसवलं होतं, वाळवलं होतं, आणि मग जुन्यानव्याची पातळी एक व्हावी म्हणून अख्खं चित्र लाखेखाली बुडवलं होतं. त्रामनं तळहात फिरवला. मग डोळे मिटून बोटाचं टोक फिरवलं. सांधा सापडेना.

मावशी वाकून म्हणाली, "ही तुझी आई होय? तोंडावळा अगदी तुझाच."

त्रामनं फळी मांडीवर घेतली.

"मला एका शब्दानं सांगायचंस तरी," ती म्हणाली.

खांगनं सुजलेल्या पापण्या जमतील तेवढ्या वर केल्या.

"तू सांगितलं होतंस?"