नळीचं दुसरं टोक

व्हॉल्व्हमन खालून ओरडला, "पाणी सोडलंय ताई, नळी ओढा!"

सोडलंय म्हणे! समोरच्या टॉवरचा पोहण्याचा तलाव तुडुंब, आणि आमचा नळ ऐन पावसाळ्यात कोरडा ठणठणीत.

नळाला जोडलेली नळी रोजच्यासारखी तोंडात धरून मी रागारागाने हवा ओढली. पाणी आलं नाही. उलट पलीकडून कुणीतरी ओढलं.

"मेल्या, आमच्या वाटचं पितोस?" नळीत ओरडून मी पुन्हा जोर लावला.

पलीकडे घोट वाजला. माझी जीभ कोरडी पडली. नळी ओठांपासून सुटेना.

"अगं, सोड ती!" जाऊबाई किंचाळल्या. "हात बघ तुझे, कसे सुरकुतलेत!"

संतापाने माझे डोळे भरून आले. पण ते पाणी गालावर उतरलंच नाही. आतल्या आत ओढलं गेलं, आणि पलीकडे आणखी एक घोट वाजला.