‘गवतावर चालू नये’

“नकाशा कुठाय?” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

“काढलाच नाही,” बागा आखणारी तज्ज्ञ शांतपणे म्हणाली. ती अध्यक्षांची सख्खी धाकटी बहीण. सभागृहात लगेच खसखस पिकली!

नगरसभेने तिला नव्या बागेतल्या वाटा आखायचं काम दिलं होतं. तिने काय केलं? मैदानभर गवत लावलं, ‘गवतावर चालू नये’ ही पाटी उपटून टाकली आणि सगळा उन्हाळा गप्प बसून राहिली. आता तिला काढून टाकायचा ठराव आला होता. अध्यक्षांचा स्वतःचा आराखडा तयारच होता. मधोमध भलंमोठं कारंजं आणि त्याला वळसा घालणाऱ्या डौलदार वाटा.

“एवढं शिकलीस ते हातावर हात ठेवून बसायला? लोकांनी आम्हाला निवडून दिलंय. त्यांना काय हवं ते आम्ही ठरवू!”

“त्यांना विचारलंस का, दादा?”

“इथे दादा नाही. अध्यक्ष!”

“बरं, अध्यक्षमहाराज. मी विचारलंय.”

ती उठली आणि तिने खिडक्यांचे जाड पडदे सर्रकन बाजूला ओढले.

सगळे खिडक्यांशी गोळा झाले. तिसऱ्या मजल्यावरून अख्खं मैदान दिसत होतं. हिरवंगार! आणि त्यावर उमटलेल्या मातकट वाटा. दवाखान्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत एक, अगदी सरळ. शाळेपासून बसथांब्यापर्यंत एक, झाडांच्या सावलीसावलीने. वृद्धाश्रमातून निघालेली एक, चढ टाळत बाकापर्यंत. रोज त्यांवरून चालणाऱ्यांना त्या अशा एकत्र कधी दिसल्याच नव्हत्या.

“गवत मेलं तिथे फरशी. वाचलं तिथे फुलं,” ती म्हणाली. “थांबायचं कधी, हेच तर मी शिकलेय.”

“आणि ही वाट कुणाची हो?” एका सदस्यबाईंनी खाली बोट दाखवलं. “आपल्याच दारातून निघून, कारंज्याच्या जागेवरून थेट चहाच्या दुकानात?”

अध्यक्षांचे कान लालबुंद झाले. बाकीचे सदस्य पोट धरून हसले.

मग मतं घेतली. तिच्या बाजूने हातच हात वर झाले! फक्त अध्यक्षांचा खाली राहिला.

“राहू दे, दादा,” बहीण हसून म्हणाली. “तू उन्हाळाभर रोज दोनदा मत दिलंयस.”